टांकसाळीतला न्यूटन

न्यूटन हे नाव घेतले की झाड, झाडाखाली बसलेला विचारमग्न तरुण आणि खाली पडणारे सफरचंद एवढेच चित्र आपल्यापुढे उभे राहते. गतीचे तीन नियम पाठ करायचे, गुरुत्वाकर्षणाचे सूत्र लिहायचे, की न्यूटन संपला! दहावीपर्यंत मीही त्याला एवढाच ओळखत होतो. पुढे मी वाणिज्य शाखेकडे आलो, विज्ञानाची पुस्तके सुटली आणि न्यूटनशी आपला संबंध संपला असे वाटले. परंतु पैसा व बँकिंग या विषयाचे वाचन करताना तो मला पुन्हा भेटला, आणि भेटला तो एखाद्या तळटीपेतला पाहुणा म्हणून नव्हे, तर सुमारे एकतीस वर्षे टांकसाळीत नोकरी केलेला सरकारी अधिकारी म्हणून.

ग्रहांच्या गतीचे गणित मांडणारा हा माणूस वयाच्या ५३ व्या वर्षी केंब्रिज सोडून लंडनच्या टांकसाळीत गेला आणि मरेपर्यंत त्याच नोकरीत राहिला. त्याच्या आयुष्याचा हा उत्तरार्ध मी मुद्दाम शोधून वाचला. त्याला कारण आहे. आज खगोलभौतिकीसारख्या विषयात संशोधन केलेली हुशार माणसे बँका, विमा आणि शेअरबाजार यांच्याकडे वळतात, तेव्हा चांगली बुद्धी वाया गेली म्हणून लोक हळहळतात. दुसरीकडे, वाणिज्य शाखा म्हणजे अन्यत्र प्रवेश न मिळालेल्यांची शाखा असे मानणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही समजुतींच्या मुळाशी एकच विचार आहे : आकाशाचा अभ्यास उच्च आणि पैशाचा अभ्यास हलका. हा विचार कितपत खरा, हे पाहण्यासाठी न्यूटनपेक्षा मोठे उदाहरण मला सापडले नाही.

न्यूटनचा जन्म त्या वेळच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे २५ डिसेंबर १६४२ रोजी लिंकनशायरमधील वूल्सथॉर्प या खेड्यात झाला. वडील शेतकरी. मुलाच्या जन्माआधी तीन महिने ते वारले. तो तीन वर्षांचा असताना आईने दुसरे लग्न केले आणि ती शेजारच्या गावी राहायला गेली. मुलगा आजीजवळ वाढला. पुढे आई पुन्हा विधवा होऊन परत आली. शेती सांभाळण्यासाठी तिने मुलाला शाळेतून काढले, पण गुरे राखण्यात याचे लक्ष कसे लागावे! शेवटी मामाच्या व शाळेच्या मुख्याध्यापकांच्या आग्रहामुळे १६६१ साली तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. तेथे तो सायझर होता, म्हणजे वरच्या लोकांची पडेल ती कामे करून शिकणारा विद्यार्थी. आपल्याकडे पूर्वी वार लावून शिकणारी गरीब मुले असत, तशातलाच हा प्रकार.

त्या काळातील त्याची खर्चाची वही आज उपलब्ध आहे. पै-पैचा हिशेब तर तीत आहेच, शिवाय सोबत्यांना उसने दिलेल्या रकमांच्या नोंदीही आहेत. पुढे टांकसाळीत जाणाऱ्या माणसाची ही पहिली खूण म्हणायला हरकत नाही.

१६६५ साली प्लेगमुळे विद्यापीठ बंद पडले आणि तो घरी परतला. त्या सुमारास त्याने लोलकातून प्रकाशाचे रंग वेगळे करून पाहिले, नव्या गणिताचा पाया घातला आणि चंद्राला पृथ्वीभोवती धरून ठेवणारी शक्ती व जमिनीवर वस्तू पाडणारी शक्ती एकच असावी, या विचाराला सुरुवात केली. आजची खगोलभौतिकी याच दोन पायांवर उभी आहे. येथले नियम आकाशातही चालतात हा एक, आणि प्रकाशाचे पृथक्करण करून ताऱ्यांविषयी माहिती मिळवता येते हा दुसरा. १६६९ साली, वयाच्या २६ व्या वर्षी, तो केंब्रिजमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला. आरशाची दुर्बीण त्याने स्वतः बनवली, आरशासाठी लागणारा मिश्रधातूसुद्धा स्वतःच ओतला. किमयेचाही त्याला नाद होता. खोलीजवळच्या भट्टीत तो वर्षानुवर्षे धातू वितळवीत असे. सोने काही तयार झाले नाही, पण धातूचा कस ओळखणारी नजर मात्र तयार झाली.

१६८४ साली एडमंड हॅली त्याला भेटायला आला आणि ग्रहांच्या कक्षेविषयी त्याने एक प्रश्न विचारला. त्यातून १६८७ साली 'प्रिन्सिपिया' हा जगप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. या ग्रंथाच्या छपाईची कथा वाणिज्याच्या विद्यार्थ्याला विशेष रंजक वाटेल. रॉयल सोसायटीने आपला पैसा आधीच माशांविषयीच्या एका सचित्र पुस्तकावर घातला होता आणि ते पुस्तक खपत नव्हते. तेव्हा 'प्रिन्सिपिया'चा खर्च हॅलीने पदरचा केला. सोसायटीकडून त्याला येणे असलेल्या पगारापोटी मात्र त्या मत्स्यपुराणाच्या न खपलेल्या प्रती मिळाल्या!

एवढे यश मिळाल्यावर हा माणूस केंब्रिज का सोडतो? १६८९ साली विद्यापीठाचा प्रतिनिधी म्हणून तो पार्लमेंटमध्ये गेला. लंडनचे जग, तेथील राजकारणी मंडळी त्याने जवळून पाहिली. परत आल्यावर त्याला केंब्रिज करमेनासे झाले. १६९३ साली त्याचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. झोप नाही, जवळच्या मित्रांवर संशय, अशी स्थिती काही काळ होती. त्यातून तो सावरला, परंतु लंडनमध्ये चांगली जागा मिळावी ही इच्छा कायम राहिली. त्याचा मित्र चार्ल्स माँटेग्यू आता अर्थमंत्री झाला होता. मार्च १६९६ मध्ये त्याने न्यूटनला टांकसाळीच्या वॉर्डनची जागा देऊ केली. प्राध्यापकाला वर्षाला सुमारे १०० पौंड मिळत, येथे ४०० पौंड होते, आणि कामही फारसे नाही असा समज होता. थोर शास्त्रज्ञाला आरामाची जागा द्यावी, एवढाच देणाराचा हेतू होता.

न्यूटनने मात्र आराम केला नाही.

त्या वेळी इंग्लंडच्या चांदीच्या नाण्यांची दशा फार वाईट होती. १६६२ पूर्वीची नाणी हातोड्याने ठोकून केलेली असत. त्यांच्या कडा साध्या, म्हणून लोक कातरीने कड कातरून चांदी काढून घेत आणि नाणे पूर्ण किमतीला चालवीत. कित्येक नाण्यांचे वजन निम्म्यावर आले होते. यंत्रावर पाडलेल्या नव्या नाण्यांच्या कडेवर अक्षरे किंवा खाचा असत, त्यामुळे कातरलेले लगेच कळे. (आपल्याकडे कोणाच्या घरी जुना राणीछाप रुपया असला, तर त्याच्या कडेवर बोट फिरवून पाहावे, त्या खाचांचा उपयोग तोच.) परंतु नवी, पूर्ण वजनाची नाणी व्यवहारात दिसतच नसत. लोक ती वितळवीत, परदेशी पाठवीत आणि देणे भागवायला कातरलेले नाणे पुढे करीत. वाईट पैसा चांगल्या पैशाला हुसकावतो, हा ग्रेशॅमचा नियम आम्ही परीक्षेसाठी पाठ करतो. त्या नियमाचे एवढे ढळढळीत उदाहरण दुसरे नसेल. त्यातच फ्रान्सशी युद्ध चालू होते आणि परदेशातील सैन्याला पगार द्यायचा होता.

काय करावे, याविषयी १६९५ साली मोठा वाद झाला. कोषागाराचा सचिव लाउंड्स म्हणत होता की नव्या नाण्यांत चांदी कमी घालून वस्तुस्थिती मान्य करावी. तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणत होता की नाण्यातील चांदीचे वजन म्हणजे राजाने दिलेला शब्द, तो मोडू नये. न्यूटनचा सल्ला घेण्यात आला. लॉक त्याचा स्नेही, तरी न्यूटनने मत दिले ते लाउंड्सच्या बाजूने. सरकारने लॉकचे ऐकले. म्हणजे जी योजना न्यूटनला स्वतःला पटली नव्हती, तीच तडीस नेण्याची जबाबदारी त्याच्यावर आली.

ती त्याने कशी पार पाडली, हे वाचताना मला सर्वांत जास्त नवल वाटले. टांकसाळ लंडनच्या टॉवर या किल्ल्यात होती. भट्ट्यांचा धूर, पत्रे लाटणाऱ्या यंत्रांना जुंपलेले घोडे, त्यांची लीद, ठोक्यांचा आवाज, अशी ती जागा. वरचा अधिकारी, मास्टर थॉमस नील, कामात ढिला. न्यूटनने जुनी कागदपत्रे काढून वाचली, हिशेब तपासले, एकेक काम स्वतः उभे राहून पाहिले. छापयंत्रावर एका मिनिटात ५० ते ५५ ठोके पडतात, हे त्याने मोजून नोंदवले. मग एका यंत्राला किती माणसे, किती भट्ट्या, किती घोडे हे सगळे त्या ठोक्यांच्या बेताने बसवता येते. व्यवस्थापनाच्या आजच्या पुस्तकांत वेळेचा अभ्यास म्हणून जे शिकवतात, ते दुसरे काय आहे? नॉरिच, यॉर्क, चेस्टर, ब्रिस्टल आणि एक्झिटर येथे तात्पुरत्या टांकसाळी काढल्या गेल्या. चेस्टरला उपनियंत्रक म्हणून खुद्द हॅली जाऊन बसला. १६९८ पर्यंत सुमारे ६८ लाख पौंड किमतीची चांदीची नाणी नव्याने पाडून झाली.

याच गडबडीत, जानेवारी १६९७ मध्ये, युरोपातील गणितज्ञ योहान बर्नुली याने घातलेले एक अवघड कोडे न्यूटनकडे आले. संध्याकाळी चार वाजता तो टांकसाळीतून थकून घरी आला होता. पहाटे चारपर्यंत कोडे सोडवूनच तो झोपला, अशी आठवण त्याच्या भाचीने नोंदवली आहे. म्हणजे नोकरी बदलली तरी बुद्धीला गंज चढला नव्हता.

वॉर्डनच्या कामाचा एक भाग मात्र अंगावर काटा आणणारा होता. खोटी नाणी पाडणाऱ्यांना पकडून त्यांच्यावर खटले भरायचे. या गुन्ह्याला शिक्षा मृत्यूची. हे काम आपल्याकडून काढून घ्यावे अशी विनंती न्यूटनने प्रथम केली. ती मान्य झाली नाही, तेव्हा त्याने तेही आपल्या पद्धतीने केले. खबरे नेमले, तुरुंगात जाऊन जबान्या घेतल्या, कागदाला कागद जोडला. विल्यम चॅलोनर हा त्यांतला सर्वांत धूर्त. त्याने टांकसाळीतच गैरकारभार आहे, असा आरोप पार्लमेंटच्या समितीपुढे केला होता आणि टांकसाळ कशी सुधारावी हे शिकवण्याचा आव आणला होता. न्यूटनने वर्षभर पुरावा गोळा केला. मार्च १६९९ मध्ये चॅलोनरला फाशी झाली. त्याआधी त्याने न्यूटनला दयेची पत्रे लिहिली, पण न्यूटनने त्याला वाचवण्यासाठी काही केले नाही. न्यूटनच्या थोरवीविषयी आदर असूनही हे वाचताना माझे मन अस्वस्थ झाले. आकाशातल्या गणितात चूक झाली तर कागद फाडता येतो. पैशाच्या कारभारात आकड्याच्या पलीकडे माणूस उभा असतो.

१६९९ च्या अखेरीस नील वारला आणि न्यूटन टांकसाळीचा मास्टर झाला. पगार ५०० पौंड, शिवाय पाडलेल्या नाण्यांच्या वजनावर दलाली. १७०१ साली त्याने प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. १७०३ पासून मरेपर्यंत तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता. १७०५ साली राणी अ‍ॅन हिने त्याला सर ही पदवी दिली. टांकसाळीच्या नाण्यांची वेळोवेळी जाहीर परीक्षा होई. सोनारांचे पंचमंडळ नाण्यांचा कस एका प्रमाण पट्टीशी ताडून पाही. १७१० च्या परीक्षेत न्यूटनची सोन्याची नाणी किंचित हलकी ठरली. न्यूटन स्वस्थ बसला नाही. त्याने प्रयोगांनी दाखवून दिले की दोष नाण्यांत नसून १७०७ साली केलेल्या प्रमाण पट्टीतच आहे, तीच गरजेपेक्षा अधिक शुद्ध झाली आहे. तराजू घेऊन भांडण्यात त्याला हरवणे कठीण होते.

आता त्याच्या कारकीर्दीतील अशा गोष्टीकडे वळतो, जिचा आपल्या देशाशीही संबंध आहे. एवढी नवी चांदीची नाणी पाडूनही ती इंग्लंडात टिकत नव्हती. न्यूटनने २१ सप्टेंबर १७१७ रोजी कोषागाराला अहवाल दिला. त्यात त्याने निरनिराळ्या देशांतील सोन्याचांदीचे भाव ताडून पाहिले. इंग्लंडात एक पौंड सोन्याला साडेपंधरा पौंडांच्या आसपास चांदी पडे. हिंदुस्थानात सुमारे बारा, आणि चीन-जपानात नऊ-दहाच. सराफाच्या मुलालाही यातले इंगित कळेल. बारा पौंड चांदी जहाजात घालून हिंदुस्थानात न्यायची, तिचे एक पौंड सोने घ्यायचे, ते इंग्लंडात आणले की साडेपंधरा पौंड चांदी! वाहतूकखर्च वजा जाताही नफा उरतो. शिवाय आपल्याकडचे कापड घ्यायलाही ईस्ट इंडिया कंपनीला चांदीच आणावी लागे. चांदी पूर्वेकडे वाहत होती, ती पाणी उताराकडे वाहावे तशी.

न्यूटनचा हिशेब असा की गिनी या सोन्याच्या नाण्याचा भाव १० ते १२ पेन्सनी उतरवला, तर तो युरोपातील प्रमाणाशी जुळेल. पण एकदम तेवढे न करता आधी ६ पेन्स उतरवून पाहावे, असे त्याने सुचवले. डिसेंबर १७१७ मध्ये गिनीचा भाव साडेएकवीस शिलिंगांवरून २१ शिलिंग ठरला. हेतू चांदी टिकवण्याचा होता. तो साधला नाही. चांदी जातच राहिली आणि व्यवहारात सोने उरले. अशा रीतीने कोणी तसे न ठरवताच इंग्लंड सुवर्णपरिमाणाकडे गेले. त्या वेळी पडलेला सोन्याचा भाव, औंसाला ३ पौंड १७ शिलिंग साडेदहा पेन्स, मधले युद्धकाळ सोडले तर १९३१ पर्यंत टिकला. ग्रहणाचा दिवस अगोदर सांगता येतो. आर्थिक निर्णयाचे फळ मात्र निर्णय घेणाराच्या मनातलेच निघेल असे नाही.

हाच धडा त्याला तीन वर्षांनी स्वतःच्या पैशात शिकावा लागला. साउथ सी कंपनी ही सरकारी कर्ज अंगावर घेतलेली कंपनी. स्पॅनिश अमेरिकेत आफ्रिकी गुलाम पुरवण्याचा मक्ताही तिच्याकडे होता. न्यूटनजवळ तिचे शेअर आधीपासून होते. जानेवारी १७२० मध्ये शंभराच्या शेअरचा भाव १२८ पौंडांच्या आसपास होता. भाव चढू लागला, तेव्हा वसंत ऋतूत न्यूटनने आपले बरेचसे शेअर विकून चांगला नफा पदरात पाडला. येथपर्यंत हिशेब चोख होता. पण भाव चढतच राहिला. शेजारीपाजारी श्रीमंत होत होते. उन्हाळ्यात, भाव अगदी वर असताना, त्याने पुन्हा शेअर घेतले. भाव हजार पौंडांपर्यंत गेला आणि सप्टेंबरअखेर दोनशेच्याही खाली कोसळला. त्याच्या भाचीच्या सांगण्याप्रमाणे त्याचे २० हजार पौंड बुडाले. मास्टरचा मूळ पगार धरला, तर ही रक्कम चाळीस वर्षांच्या पगाराएवढी होते.

ज्याने धूमकेतूची वाट गणिताने सांगितली, त्याला बाजाराची वाट का दिसली नाही? मला यात गणिताचा दोष दिसत नाही. टांकसाळीत तो जे मोजत होता ते धातूचे वजन होते, कस होता, ठोके होते. ती मोजायची वस्तू होती. हॅलीनेही १६९३ साली ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून वर्षासनाची किंमत काढून दाखवली आणि आयुर्विम्याच्या गणिताला आधार दिला. तेथेही हजारो माणसांच्या आयुष्यांत एक नियमितपणा होता. १७२० च्या बाजारात मात्र भाव ठरत होता तो दुसऱ्याच्या आशेवर, आणि दुसऱ्याची आशा तिसऱ्याच्या. ग्रह अफवा ऐकत नाहीत, माणसे ऐकतात. आणि मोजणारा स्वतःच त्या गर्दीत सामील झाला, की मोजणार कोण?

या तोट्यानंतरही न्यूटन गरीब झाला नाही. २० मार्च १७२७ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी तो वारला, तेव्हा सुमारे ३२ हजार पौंडांची मालमत्ता मागे होती. मृत्युपत्र केलेले नव्हते, म्हणून ती त्याच्या सावत्र भावंडांच्या मुलांत वाटली गेली. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्याला मानाने पुरण्यात आले. १९७८ साली बँक ऑफ इंग्लंडने काढलेल्या एक पौंडाच्या नोटेवर त्याचे चित्र आले. ती नोट १९८८ मध्ये चलनातून गेली. तिच्यावर दुर्बीण, लोलक, ग्रंथ आणि सफरचंदाचा मोहर होता. टांकसाळ मात्र दिसत नव्हती!

विज्ञानाचे यात नुकसान झाले का? प्रामाणिकपणे सांगायचे तर थोडे झालेच. 'ऑप्टिक्स' १७०४ साली आले, 'प्रिन्सिपिया'च्या दोन सुधारित आवृत्त्या निघाल्या, परंतु पहिल्यासारखा नवा शोध पुन्हा लागला नाही. मात्र त्याची बुद्धी वाया गेली, असे मी म्हणणार नाही. चांगले नाणे ही सामान्य माणसाची गरज आहे. कातरलेल्या नाण्याचा तोटा शेवटी बसतो तो मजुराला आणि भाजीवालीला. त्यांच्या हातात पूर्ण वजनाचे नाणे पडावे म्हणून जगातल्या एका श्रेष्ठ बुद्धिमंताने घोड्यांच्या लिदीत उभे राहून ठोके मोजले, ही गोष्ट मला सफरचंदाच्या गोष्टीइतकीच मोठी वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी कोणी विज्ञानातून वाणिज्याकडे येईल, कोणी वाणिज्यातून आणखी कोठे जाईल. शाखा बदलल्याने माणूस हलका होत नाही. न्यूटनने तराजू दोन्हीकडे तोच वापरला. तो जोवर त्याच्या हातात होता, तोवर टांकसाळीतही तो न्यूटनच होता. तराजू खाली ठेवून तो गर्दीबरोबर गेला, त्या एका उन्हाळ्यात मात्र तो तुमच्याआमच्यासारखाच एक गिऱ्हाईक ठरला.